वाचकांचे प्रश्न : प्रार्थनासभेला जायलाच हवे का?

या महिन्याच्या टपालात सोलापुरातून आलेली पत्रे अधिक आहेत आणि त्यांतील बहुतेकांचा विषय एकच आहे : आठवड्याच्या मधल्या वारी घरोघरी भरणारी ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, प्रार्थनासभा. कोणी ती चुकते म्हणून मनाला लावून घेतले आहे, कोणी ती बंद करावी असे सुचवले आहे, तर कोणी तिच्यामुळेच दुखावले गेले आहे. म्हणून या वेळी इतर विषयांवरील पत्रे पुढील अंकासाठी राखून याच विषयाला सर्व जागा दिली आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून कोणाचेही नाव छापलेले नाही.

प्रश्न : मी रविवारी उपासनेला नियमित जाते आणि घरी पहाटे उठून शास्त्रवाचन व प्रार्थना करते. आमच्या मंडळीची दर बुधवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थनासभा असते. मी नोकरी करते; घरी यायला सात वाजतात आणि पाणी येण्याचा दिवस असला तर पिंपे भरण्यातच रात्र होते. मी सभेला येत नाही म्हणून आमच्या भागातील वडीलधाऱ्या भगिनी नाराज असतात. प्रभूने तर खोलीत जाऊन, दार लावून प्रार्थना करावी असे सांगितले आहे. मग माझी घरातील प्रार्थना कमी प्रतीची आहे का? चार माणसे जमल्याने देव अधिक ऐकतो का?
— एक भगिनी, जुळे सोलापूर

उत्तर : भगिनी, ख्रिस्तात सलाम. आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चार माणसे जमल्याने देव अधिक ऐकतो, असे मी मानत नाही. महापालिकेकडे अर्ज करताना खाली पन्नास सह्या असल्या की अर्जाला वजन येते. स्वर्गातील पित्याकडे असा हिशेब असता तर एकट्या पडलेल्या विधवेची किंवा रुग्णालयाच्या खाटेवर रात्र काढणाऱ्याची प्रार्थना कायम मागेच राहिली असती. आपली पहाटेची प्रार्थना कोणत्याही अर्थाने कमी प्रतीची नाही आणि ती मोडून सभेला या, असे कोणी सांगत असेल तर त्याचे ऐकू नये.

परंतु खोलीत जाऊन दार लावण्याच्या ज्या वचनावर (मत्तय ६:६) आपण भार टाकला आहे, तो त्याला पेलणारा नाही. तेथे प्रभू सभास्थानांत आणि रस्त्यांच्या कोपऱ्यांवर उभे राहून, लोकांनी पाहावे म्हणून प्रार्थना करणाऱ्यांविषयी बोलत आहे. त्याचा रोख दिखाव्यावर आहे. दिखावा बंद खोलीतल्या प्रार्थनेचाही होऊ शकतो. आपण पहाटे किती वाजता उठतो हे दिवसभर सांगत फिरणारी माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. एकत्र प्रार्थना करण्याला या वचनाने मनाई केली असती, तर प्रभूच्या स्वर्गारोहणानंतर त्याचे शिष्य, स्त्रिया, मरीया आणि त्याचे भाऊ माडीवरच्या खोलीत एकचित्ताने प्रार्थनेत राहिले नसते. ज्यांनी ते वचन प्रत्यक्ष त्याच्या तोंडून ऐकले होते, तेच हे लोक होते.

आणि प्रभूचे स्वतःचे वागणे पाहा. एकांतात, डोंगरावर, उजाडण्यापूर्वी प्रार्थना करण्याची त्याची रीत होती. तरीही गेथशेमाने बागेत, सर्वांत कठीण रात्री, त्याने पेत्राला आणि जब्दीच्या दोन्ही मुलांना सोबत घेतले आणि आपल्याबरोबर जागे राहण्यास सांगितले. ते तिघेही झोपी गेले, तेही पुन्हा पुन्हा. त्यांच्या प्रार्थनेत फार बळ होते म्हणून त्याने त्यांना नेले असे म्हणता येणार नाही. त्याला माणसे जवळ हवी होती. ज्याला एकट्याने प्रार्थना करणे सर्वांत चांगले जमत होते, त्यानेच सोबत मागितली, हे मला या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते.

नियमित जमण्याचे मोल कशात आहे, हे सांगण्यासाठी मी प्रेषितांच्या कृत्यांच्या बाराव्या अध्यायाकडे वळतो. हेरोद राजाने प्रभूचा शिष्य पेत्र याला तुरुंगात टाकले आणि मंडळी त्याच्यासाठी एकाग्रतेने प्रार्थना करीत होती. देवदूताने त्याला बाहेर काढले, तेव्हा रात्र होती, जिवाला धोका होता आणि रस्त्यात कोणाला काही विचारण्याची सोय नव्हती. तो सरळ मार्क म्हटलेल्या योहानाची आई मरीया हिच्या घरी गेला, कारण माणसे तेथेच असणार हे त्याला ठाऊक होते. ते घर त्या रात्रीपुरते प्रार्थनेसाठी उघडले गेले असावे, असे मला वाटत नाही. जेथे एरवीही जमण्याचा परिपाठ असतो, त्याच दाराशी माणूस अपरात्री असा बिनधास्त जातो. पुढचा भाग तर मनोरंजक आहे. दार ठोठावल्यावर मुलगी पाहायला आली, आवाज ओळखून आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावली आणि ज्याच्यासाठी प्रार्थना चालली होती तोच दाराशी उभा आहे, हे प्रार्थना करणाऱ्यांनाच खरे वाटले नाही; त्यांनी तिलाच वेड्यात काढले. तेव्हा प्रार्थनासभेत बसणाऱ्या सर्वांचा विश्वास डोंगराएवढा असतो, अशा समजुतीने आपण दूर राहत असाल तर ती समजूत सोडावी.

रविवारच्या उपासनेत आपण एकमेकांच्या पाठी पाहतो. घरातल्या सभेत घर दिसते. चपला दाराबाहेर काढून, अंथरलेल्या चादरीवर गुडघे दुमडून बसल्यावर भिंतीला आलेली ओल दिसते, पडद्यापलीकडे कॉटवर पडून असलेल्या आजोबांचा खोकला ऐकू येतो, दहावीचे पुस्तक मांडीवर घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी बसलेला मुलगा दिसतो. त्यानंतर ‘सर्व आजाऱ्यांना आरोग्य दे’ एवढ्यावर प्रार्थना थांबत नाही; ती त्या आजोबांची आणि त्या मुलाची होते, आणि दुसऱ्या दिवशी कोणी तरी त्या मुलाला आपल्या घरी अभ्यासाला बोलावतो. एकमेकांची ओझी वाहा, असे गलतीकरांस पत्रात सांगितले आहे; पण कोणाच्या खांद्यावर काय आहे हे माहीतच नसेल तर वाहणार काय? ही ओळख संकट आल्यावर घाईने करून घेता येत नाही. म्हणूनच सभा नियमित असावी लागते. ज्या बुधवारी आपल्याला काहीही मागायचे नसते, त्या बुधवारी जाऊन बसण्याचा अर्थ तोच आहे.

आणखी एक गोष्ट. रविवारी वेदीजवळून एक किंवा दोन माणसे बोलतात आणि उरलेले ऐकतात किंवा ठरलेली उत्तरे देतात. त्यात गैर काही नाही. मात्र बुधवारच्या सभेत दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी, अक्षरओळख नसलेली बाई उघड प्रार्थना करते आणि शिकलेली माणसे तिच्या प्रार्थनेला आमेन म्हणतात. सोलापुरात अशा बायका पुष्कळ आहेत. त्यांची मजुरी हजार विड्यांवर मोजली जाते, त्यामुळे सभेत बसलेला तास म्हणजे तेवढ्या विड्या कमी, हे त्या जाणून असतात आणि तरीही येतात. आपल्यासारख्या शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या स्त्रीने त्यांच्या शेजारी बसण्याने दोघींनाही काही मिळेल, आणि मला वाटते आपल्याला थोडे अधिक मिळेल.

आता वेळेचा प्रश्न. तो खोटा नाही आणि नवाही नाही. रोमी साम्राज्यातील बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी याने सन ११२च्या सुमारास सम्राट त्राजानाला पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे की, ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र गातात आणि चोरी, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणाची ठेव नाकारणार नाही, अशी शपथ घेतात. या लोकांत दासी होत्या, कारण त्यांपैकी दोघींचा छळ करून आपण चौकशी केल्याचे तोच सांगतो. दुसऱ्याच्या चाकरीत असलेल्या माणसांना दिवसाची वेळ आपल्या हाती नसते. त्यांनी पहाट गाठली. तेव्हा वेळ माणसांच्या सोयीने बदलण्यात कमीपणा नाही. आपल्या भागातील भगिनींना सांगून सभा साडेसातऐवजी साडेआठला घेता येईल का, किंवा दर दुसऱ्या आठवड्याला रविवारी दुपारी भरवता येईल का, हे विचारावे. पाण्याचा दिवस काही वार पाहून येत नाही, तो सरकत सरकत येतो, हे सोलापूरकरांना मी सांगायला नको. म्हणजे प्रत्येक बुधवार त्यात जात नाही. ज्या बुधवारी पाणी नसेल त्या बुधवारी जावे. आणि त्या वडीलधाऱ्या भगिनींना माझी विनंती अशी की, न आलेल्या बाईकडे नाराजी पोहोचवण्यापेक्षा पाण्याच्या दिवशी तिच्या घरी दोघींनी जावे, पिंपे भरू लागावे आणि तेथेच दहा मिनिटे प्रार्थना करावी.

प्रश्न : आमच्या भागातील गुरुवारच्या सभेला पूर्वी घर भरून बाहेर ओट्यावर माणसे बसत. गिरण्या बंद पडल्यानंतर पुष्कळ कुटुंबे पुण्याला गेली. आता पाच-सहा जण येतात, तेही बहुतेक वयस्क. तरुणांचे म्हणणे आहे की, ही सभा बंद करून वर्षातून दोन वेळा बाहेरचा वक्ता बोलावून मोठी संजीवन सभा घ्यावी. पंच म्हणून मी काय निर्णय द्यावा?
— मंडळीचे एक पंच, सोलापूर

उत्तर : बंद करू नये. संजीवन सभा अवश्य घ्यावी, पण ती या सभेच्या जागी घेऊ नये. मोठ्या सभेत माणूस श्रोता असतो आणि तो आला नाही हे कोणाच्या लक्षात येत नाही. पाच जणांच्या सभेत एक आला नाही की त्याच्या घरी कोणी तरी जाते.

पाच ही संख्या आपल्याला लहान वाटते, म्हणून आपल्याच घरातील इतिहास सांगतो. १८०६च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी गावाबाहेरच्या शेतात नेहमीप्रमाणे प्रार्थनेसाठी जमले होते. वादळी पाऊस आला, म्हणून ते गवताच्या गंजीच्या आडोशाला बसले आणि आशियात सुवार्ता कशी न्यावी याविषयी बोलून तेथेच त्यांनी प्रार्थना केली. त्यांच्यापैकी सॅम्युएल मिल्स याच्या पुढाकाराने जी खटपट सुरू झाली, तिच्यातून १८१० साली अमेरिकन बोर्ड ही मिशन संस्था उभी राहिली. त्याच कॉलेजातून शिकून बाहेर पडलेला गॉर्डन हॉल सॅम्युएल नॉटबरोबर फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईला पोहोचला. हेच पुढचे अमेरिकन मराठी मिशन. १८३१ साली या मिशनने अहमदनगरला ठाणे केले आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात ते सोलापूरला आले. सोलापुरातील जुन्या मंडळ्यांपैकी ज्यांची मुळे या मिशनमध्ये आहेत, त्यांची वंशावळ अशी पाच मुलांच्या प्रार्थनासभेपर्यंत जाते. त्या पाचांपैकी कोणी सोलापूर पाहिले नाही. ते त्या दिवशी जमले याचे कारण एवढेच की, तो त्यांच्या जमण्याचा दिवस होता.

दुसरे उदाहरण आपल्याच रेल्वेमार्गावरचे आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडले की केडगाव लागते. तेथील मुक्तिसदनात पंडिता रमाबाईंनी १९०५च्या जानेवारीत मुलींना व स्त्रियांना रोज एकत्र प्रार्थनेसाठी बोलावले. सुरुवातीला सत्तरच्या आसपास जणी येत. जूनपर्यंत ही संख्या पाचशेंच्या वर गेली आणि जूनच्या अखेरीस तेथे ती आध्यात्मिक जागृती झाली, जिच्याविषयी आजही मराठी मंडळ्यांत बोलले जाते. लोक त्या जूनविषयी बोलतात. त्याआधीच्या महिन्यांत रोज ठरलेल्या वेळी येऊन बसणाऱ्यांविषयी फारसे कोणी बोलत नाही, पण आपल्या प्रश्नाशी संबंध त्यांचाच आहे.

आपल्याकडे अनेक मंडळ्यांत जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रार्थना सप्ताह पाळला जातो. त्याची हाकही याच देशातून गेली होती : लुधियाना येथील मिशनऱ्यांनी १८५८ साली जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केले आणि १८६०च्या जानेवारीत पहिला सप्ताह पाळण्यात आला. आपल्या तरुणांना वर्षातून एकदा मोठ्या प्रमाणावर काही हवे असेल तर हा सप्ताह त्यांच्या हाती द्यावा. सात संध्याकाळी सात घरे, आणि प्रत्येक ठिकाणी प्रार्थना त्यांनीच चालवावी.

एवढे सांगून झाल्यावर पंच या नात्याने आपल्याला एक अप्रिय गोष्टही सांगतो. माणसे कमी होण्याचे सर्व खापर गिरण्यांवर फोडता येणार नाही. प्रार्थनासभा म्हणून बोलावून तासभर उपदेश करायचा आणि शेवटी पाच मिनिटे प्रार्थना करायची, ही रीत पुष्कळ ठिकाणी रुळली आहे. त्रोवस येथे प्रेषित पौलाचे भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबले, तेव्हा खिडकीत बसलेला तरुण झोप लागून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. तेथे पौल होता, त्याच्यामुळे तो तरुण जिवंत झाला, म्हणून निभावले. आपल्या सभांत पौल नसतो, तेव्हा बोलणाऱ्याने दहा मिनिटांत आटोपते घ्यावे. दोन गीते, एक छोटा शास्त्रपाठ, प्रार्थनेचे विषय आणि मग प्रार्थना, असे तासाभरात सर्व होते.

दुसरे कारण नाश्त्याचे आहे. पूर्वी सभेनंतर चहा असे. मग एका घरी पोहे झाले, दुसऱ्या घरी इडली, तिसऱ्या घरी गोडाचे. आणि ज्या घरात महिनाअखेर कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर निघते, त्या घराने सभा मागणेच सोडून दिले. करिंथच्या मंडळीत श्रीमंत आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत, तेव्हा पौलाने त्यांना स्पष्ट लिहिले की, तुमच्या एकत्र येण्याने हित न होता हानीच होते. आपल्याकडे कोणी उपाशी राहत नाही, पण कोणाच्या घरी सभा होत नाही हे वहीत पाहावे. पंचांनी ठरावच करावा की, सभेनंतर फक्त चहा, आणि तोही नसला तरी चालेल. याची सुरुवात सर्वांत मोठ्या घरापासून झाली, तर छोट्या घरांना ते सोपे जाईल.

प्रश्न : माझ्या मुलीच्या सासरी अडचण होती. मी विश्वासाने सभेत सांगितले आणि प्रार्थनेची विनंती केली. दोन दिवसांत ती गोष्ट तिच्या सासरच्यांच्या कानी गेली आणि तिला फार त्रास झाला. आता मी सभेत जाते, पण तोंड उघडत नाही. माझे चुकले का?
— एक आई, सोलापूर

उत्तर : आपले चुकले नाही. ज्यांनी ती गोष्ट बाहेर नेली, त्यांचे चुकले, आणि ‘प्रार्थनेसाठी म्हणून सांगितले’ ही सबब त्यांना लागू होत नाही. चहाडीला आमेन जोडल्याने ती प्रार्थना होत नाही.

‘जेथे दोघे किंवा तिघे माझ्या नावाने जमले आहेत, तेथे त्यांच्यामध्ये मी आहे’ हे वचन आपण सभेला माणसे कमी आली की धीर देण्यासाठी म्हणतो. ते मत्तयाच्या अठराव्या अध्यायात कोठे आले आहे, हे एकदा उघडून पाहावे. त्याआधी पाचच ओळींवर प्रभूने सांगितले आहे की, भावाने अपराध केला तर त्याच्याकडे एकट्याने जा आणि दोघांतच बोला. म्हणजे जेथे प्रभू उपस्थित असल्याचे अभिवचन आहे, तेथे दुसऱ्याची अब्रू जपण्याचा नियम आधी घातलेला आहे.

आपण गप्प राहण्यापेक्षा असे करावे. सभेतील ज्या एक-दोन बायकांवर आपला भरवसा आहे, त्यांना बाजूला घेऊन सविस्तर सांगावे. सभेत मात्र ‘एका घरातील शांतीसाठी प्रार्थना करा’ एवढेच म्हणावे. देवाला पत्ता सांगावा लागत नाही. मुलगी विवाहित आहे, तिची गोष्ट सांगण्यापूर्वी तिला विचारणेही योग्य होईल; हे मी दोष देण्यासाठी लिहीत नाही, पुढच्या वेळेसाठी लिहितो. सभा चालवणाऱ्यांनी प्रत्येक वेळी सुरुवातीला हे उघड सांगावे की, येथे ऐकलेले येथेच राहील, आणि कोणी ते मोडले तर पाळकांनी त्या व्यक्तीशी बोलावे. व्हॉट्सअॅपवर तर अधिक काळजी हवी. प्रार्थनेची विनंती गटात पडली की हात जोडल्याची तीस चित्रे येतात, आणि त्यांपैकी कोणी तरी ती उचलून दुसऱ्या गटात टाकतो. आजाराचे नाव, कर्जाची रक्कम, घरातील भांडण, यांपैकी काहीही तेथे लिहू नये.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या आजारपणात मंडळीने साखळी प्रार्थना केली, उपास केले. ती गेली. आता सभेत ‘विश्वासाने मागा म्हणजे मिळेल’ असे कोणी म्हटले की उठून जावेसे वाटते. आम्ही कमी विश्वासाने मागितले होते का? मी सभेला जाणे थांबवले आहे.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : बंधू, आपले पत्र मी पुन्हा पुन्हा वाचले. आपण कमी विश्वासाने मागितले, असे आपल्याला कोणी सांगितले असेल तर त्याने देवाच्या नावाने असत्य सांगितले आहे. दुःखाचा कडू प्याला टळावा अशी प्रार्थना प्रभूने स्वतः केली आणि तो टळला नाही. पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तो निघाला नाही. त्यांच्या विश्वासाला कोणी नावे ठेवत नाही.

पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात मी पेत्राच्या सुटकेविषयी लिहिले आहे. तोच अध्याय सुरू होताच हेरोदाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारल्याचे एका वाक्यात सांगितले आहे. पेत्रासाठी रात्रभर जागणाऱ्या मंडळीने याकोबासाठी हात जोडले नसतील, असे मला वाटत नाही. एक सुटला, एक गेला, आणि असे का झाले याचे एका शब्दाचेही स्पष्टीकरण ते पुस्तक लिहिणाऱ्या लूकने दिलेले नाही. मीही देणार नाही. मला त्या लोकांविषयी एवढेच दिसते की, याकोब गेल्यानंतर ते पुन्हा जमले. ते कोणत्या मनाने जमले असतील, हे आपण माझ्यापेक्षा चांगले जाणता.

आपण लगेच सभेला जावे, असा आग्रह मी धरणार नाही. पण जेव्हा जाल, तेव्हा प्रार्थना करण्याचे बंधन मानू नका. मागे बसा. गीत म्हणवत नसेल तर म्हणू नका, इतर म्हणतील. दुःखात माणसाची स्वतःची वाचा जाते आणि त्या काळात दुसऱ्यांनी त्याच्या वतीने बोलावे, हे एकत्र प्रार्थना करण्याचे एक कारणच आहे. शुभवर्तमानातील एका पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणले आणि छप्पर उकलून खाली सोडले, तेव्हा येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला असे मार्क लिहितो. बाजेवर पडलेल्याने किती विश्वास धरला होता, याची चौकशी तेथे झालेली नाही.

आपल्या पाळकांना माझे हे पत्र दाखवावे आणि सभेत कधी तरी अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र वाचण्याची विनंती करावी. ते स्तोत्र अंधारातच संपते. त्यात शेवटी सांत्वनाची ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. जी सभा असे स्तोत्र वाचून, त्यावर काही न बोलता, थोडा वेळ शांत बसू शकते, तेथे आपल्याला बसवेल. आणि इतर वाचकांना सांगणे असे की, मयताच्या घरी पहिले काही दिवस गर्दी असते. तीन-चार महिन्यांनी त्याच घरी सभा ठेवावी.

प्रश्न : आमच्या भागात मराठी, तेलुगू आणि कन्नड बोलणारी कुटुंबे एकाच सभेला येतात. काही वयस्क माणसे तेलुगूतच प्रार्थना करतात आणि इतरांना ती कळत नाही. सर्वांनी मराठीतच प्रार्थना करावी असा नियम करावा का?
— तरुण संघाचा एक सदस्य, सोलापूर

उत्तर : नियम करू नये. ज्या भाषेत माणूस रडतो त्या भाषेत त्याला प्रार्थना करू द्यावी. तथापि अडचण खरी आहे. न कळणाऱ्या भाषेतील उपकारस्तुतीला शेजारी बसलेला आमेन कसा म्हणेल, असे पौलानेच करिंथकरांस विचारले आहे. यावर उपाय सोपा आहे. प्रार्थनेपूर्वी त्या आजी किंवा आजोबा कशासाठी प्रार्थना करणार आहेत, हे त्यांच्या नातवंडाने दोन वाक्यांत मराठीत सांगावे. सोलापुरातील अशा घरांतील मुलांना दोन्ही भाषा येतात आणि सभेत त्यांना एरवी काही काम नसते. गीतांचेही तसेच करावे : एक मराठी, एक तेलुगू, आणि कन्नड कुटुंब आले असेल त्या दिवशी एक कन्नड. खंजिरी आणि पेटी तिन्हींना चालते. लाऊडस्पीकर मात्र कोणत्याही भाषेसाठी लावू नये. घरे भिंतीला भिंत लागून आहेत, आणि पहाटेच्या पाळीला जाणारा शेजारी त्या वेळी झोपलेला असतो.